ओळखीचे कोणी नसताना नवा फॅमिली डॉक्टर कसा निवडावा? (बेसा परिसर, नागपूर)

अनघा_बेसा | ८ जून, रात्री ९.१०

नमस्कार. महालातील आमच्या जुन्या घरापासून चार घरे सोडून ज्यांचा दवाखाना होता, त्या डॉक्टरांनी मागच्या दिवाळीनंतर वयोमानामुळे दवाखाना बंद केला आणि ते मुलाकडे पुण्याला गेले. त्याच सुमारास आम्हीही बेसा येथे फ्लॅट घेऊन राहायला आलो. जवळजवळ तीस वर्षे आमच्या घरातील प्रत्येक आजारपण त्यांच्याच टेबलासमोर सुरू झाले आणि बहुतेक वेळा तेथेच संपले. सासूबाईंची साखर कधी वाढते, माझ्या थायरॉईडची गोळी केव्हा बदलली, मुलाला कोणते औषध चालत नाही, हे सर्व त्यांच्या डोक्यात होते. कागदावर मात्र फारच थोडे आहे, आणि ही चूक आमचीच आहे.

घरात सासूबाई आहेत (वय ७३, सोळा वर्षांपासून मधुमेह, सोबत रक्तदाब), आम्ही दोघे, महाविद्यालयात जाणारी मुलगी आणि हिवाळ्यात ज्याला धाप लागते असा अकरा वर्षांचा मुलगा. इमारत नवी असल्यामुळे शेजारी कोणी भंडाऱ्याहून, कोणी यवतमाळहून, तर कोणी छिंदवाड्याहून आलेले आहेत. कोणाला विचारले तर ते आपल्या जुन्या वस्तीतील डॉक्टरांचे नाव सांगतात, आणि ते डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला असतात.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सासूबाईंना उन्हामुळे ताप, उलट्या आणि जुलाब सुरू झाले. घाबरून आम्ही रस्त्यावर जो पहिला फलक दिसला तेथे त्यांना घेऊन गेलो. त्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सलाईन लावायला सांगितले आणि पाच औषधे लिहून दिली, मात्र साखरेच्या आणि रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे एकदाही विचारले नाही. सुदैवाने काही बिघडले नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

मला येथे कोणाचे नाव नको आहे. माझा प्रश्न पद्धतीचा आहे. ज्याच्याबद्दल हमी देणारे कोणीच नाही अशा डॉक्टरांची पारख सामान्य माणसाने कशाच्या आधारावर करावी?


मंदार_त्रिमूर्तीनगर | ८ जून, रात्री १०.३५

ताई, चार वर्षांपूर्वी पुण्याहून परत आलो तेव्हा मी याच अडचणीत होतो, आणि संगणकाच्या व्यवसायात असल्यामुळे मी सरळ गूगलवरील ताऱ्यांच्या क्रमाने यादी केली. त्या यादीने माझी चांगलीच दिशाभूल केली. पाच तारे देणाऱ्यांनी स्वागतकक्षातील मुलीचा स्वभाव, वातानुकूलन आणि गाडी लावण्याची सोय यांचे कौतुक केले होते, तर एक तारा देणारे बहुतेक जण दीड तास नंबर आला नाही म्हणून चिडलेले होते. निदान बरोबर होते की नाही, हे दोघांनाही ठाऊक नव्हते, आणि खरे तर रुग्णाला ते कळणे कठीणच असते.

तरीही हे अभिप्राय मी अगदीच टाकाऊ मानत नाही. ज्यांनी मधले तारे देऊन चार-पाच ओळी लिहिल्या आहेत, त्यांच्याकडून दवाखान्याची खरी वेळ कोणती, फलकावरील डॉक्टर स्वतः बसतात की सहायक बसतो, फी किती आणि पुन्हा दाखवायला गेल्यास ती परत द्यावी लागते का, एवढे नक्की कळते. एकाच आठवड्यात वीस अभिप्राय आले असतील आणि सर्वांची भाषा सारखी असेल, तर ते मी वाचतच नाही.


वर्धारोडचा_वाटसरू | ९ जून, सकाळी ७.५०

माझे मत थोडे कडू आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. फॅमिली डॉक्टर ही संस्था आपल्या वडिलांच्या पिढीबरोबर संपली. नागपूरसारख्या शहरात, जेथे धंतोली आणि रामदासपेठेत एका गल्लीत दहा तज्ज्ञ बसतात, मेडिकल आणि मेयो ही दोन शासकीय महाविद्यालये आहेत आणि आता मिहानमध्ये एम्सही आहे, तेथे मधल्या माणसाची गरज काय? साखरेसाठी मधुमेहतज्ज्ञ, मुलासाठी बालरोगतज्ज्ञ, थायरॉईडसाठी एंडोक्रायनोलॉजिस्ट, असे सरळ जावे. जीपीकडे, म्हणजे जनरल प्रॅक्टिशनरकडे, जाऊन शेवटी त्याची चिठ्ठी घेऊन तेथेच जायचे असेल, तर एक फी वाचवलेली बरी.


निवृत्त_जीपी | ९ जून, दुपारी ३.२०

मी ३६ वर्षे उत्तर नागपुरात जनरल प्रॅक्टिस केली आणि तीन वर्षांपूर्वी दवाखान्याला कुलूप लावले, त्यामुळे माझे म्हणणे एकतर्फी वाटण्याची शक्यता आहे, हे लक्षात घेऊन वाचावे.

आधी वाटसरू यांच्या मुद्द्याविषयी. माझ्याकडे एकदा पासष्टीचे गृहस्थ आले होते. त्यांना चक्कर येत असे. ते आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेले, मग मानेच्या मणक्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञांकडे, मग मेंदूच्या तज्ज्ञांकडे. तिघांनीही आपापल्या क्षेत्रातील तपासण्या नीट केल्या आणि तिघांच्याही फाइली स्वच्छ होत्या. मी त्यांचा रक्तदाब आधी झोपवून आणि नंतर उभे करून मोजला, तर उभे राहिल्यावर तो बराच खाली येत होता, कारण लघवीच्या त्रासासाठी चौथ्या एका डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि रक्तदाबाची जुनी गोळी या दोन्ही ते रात्री एकत्र घेत होते. येथे माझी हुशारी काहीच नव्हती. सर्व गोळ्या एकाच टेबलावर ओतून पाहणारा माणूस त्यांना तोपर्यंत भेटला नव्हता, इतकेच. कोणत्या तज्ज्ञाकडे जायचे हे रुग्णाने स्वतः ठरवायचे म्हणजे निदानाची पहिली पायरी रुग्णावरच टाकायची.

अनघाताई, तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत जो प्रश्न विचारला गेला नाही, तो खरोखरच विचारायला हवा होता. उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी कमी झालेले असताना मधुमेहाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात, नाहीतर साखर घसरण्याचा किंवा मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका असतो. तेव्हा तुमची अस्वस्थता अनाठायी नव्हती.

आता पारखीविषयी. पहिली पायरी कागदाची आहे, आणि ती घरबसल्या करता येते. एमबीबीएस आणि त्यापुढील पदव्या असलेल्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते, तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी त्या काळात ३० क्रेडिट तासांचे निरंतर शिक्षण दाखवावे लागते. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून शोध घेता येतो. २००२ च्या आचारसंहितेनुसार हा क्रमांक दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठीवर छापणे बंधनकारक आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, परंतु त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली, म्हणून आजही २००२ चेच नियम लागू आहेत. ज्या चिठ्ठीवर चार पदव्या, दोन पुरस्कार आणि परदेशातील प्रशिक्षण छापलेले असते पण क्रमांक नसतो, ती चिठ्ठी पाहून मी तरी थबकतो.

पदव्यांबद्दल एवढेच सांगतो की फॅमिली डॉक्टर होण्यासाठी एमबीबीएस पुरेसे असते. एमडी मेडिसिन असलेले फिजिशियन मोठ्यांच्या गुंतागुंतीच्या आजारांत अधिक शिकलेले असतात, पण तुमचा अकरा वर्षांचा मुलगा त्यांच्या कक्षेत येतोच असे नाही. फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी केलेले डॉक्टर मिळाले तर उत्तमच, कारण तो तीन वर्षांचा अभ्यासक्रम याच कामासाठी आखलेला आहे. परंतु असे डॉक्टर अजून संख्येने कमी आहेत.

कागद पाहून झाला म्हणजे माणूस चांगला ठरला, असे मात्र नाही. कागद फक्त भोंदूला बाहेर ठेवतो.


सुमन_रेशीमबाग | ९ जून, सायंकाळी ६.०५

डॉक्टरसाहेबांनी आयुर्वेदाच्या डॉक्टरांचा उल्लेखच केलेला नाही, याचे मला वाईट वाटले. मी निवृत्त शिक्षिका आहे, एकटी राहते, आणि गेली अकरा वर्षे मी ज्यांच्याकडे जाते ते बीएएमएस आहेत. करोनाच्या काळात रस्त्यावर कुत्रेही दिसत नव्हते तेव्हा त्यांनी दररोज सकाळी फोन करून माझ्या ऑक्सिजनचा आकडा विचारला होता. पदवी पाहून मी निवड केली असती, तर या माणसापर्यंत मी पोहोचलेच नसते.


निवृत्त_जीपी | ९ जून, रात्री ८.४०

सुमनताई, तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. तो फोन करणे हेच खरे डॉक्टरपण आहे. बीएएमएस आणि एमबीबीएस हे दोन्ही अभ्यासक्रम साडेचार वर्षांचे आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप असे आहेत, त्यामुळे कोणी कमी वर्षे शिकले असे म्हणता येणार नाही. शिकले काय, यात फरक आहे. बीएएमएस डॉक्टरांची नोंद वैद्यकीय परिषदेकडे न होता भारतीय चिकित्सा पद्धतीच्या वेगळ्या राज्य परिषदेकडे होते आणि होमिओपॅथीची परिषदही वेगळी आहे. फार्माकॉलॉजीचा, म्हणजे औषधशास्त्राचा, एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधे देता यावीत म्हणून महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती केली. तिला न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि तो वाद शमलेला नाही.

माझा आग्रह फक्त पारदर्शकतेचा आहे. डॉक्टर आपली पदवी फलकावर ठळक लिहितात का, आणि जेथे आपली हद्द संपते तेथे रुग्णाला पुढे पाठवतात का, या दोन गोष्टी तुमच्या डॉक्टरांच्या बाबतीत होत असतील तर तुम्ही योग्य ठिकाणी आहात. मात्र सोळा वर्षांचा मधुमेह, रक्तदाब आणि अनेक ॲलोपॅथीची औषधे चालू असलेल्या व्यक्तीसाठी मी एमबीबीएसच सुचवीन.


औषधवाला | १० जून, दुपारी १२.१५

काउंटरच्या या बाजूने चार शब्द. माझे मेडिकल स्टोअर पूर्व नागपुरात आहे, म्हणजे अनघाताईंच्या भागातील कोणाशीही माझा धंद्याचा संबंध नाही.

दिवसभरात ज्याच्या हातातून शेकडो चिठ्ठ्या जातात, त्याला कोणते डॉक्टर कसे लिहितात हे न विचारता कळते. साध्या सर्दीला पहिल्याच दिवशी भारी अँटिबायोटिक, सोबत पोटाची गोळी, ताकदीचे सिरप आणि वर एक स्टेरॉइड, अशी चिठ्ठी रोज एकाच दवाखान्यातून येऊ लागली की आम्ही ओळखतो. रुग्णाला दुसऱ्या दिवशी बरे वाटते आणि तो त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे असे सांगत फिरतो. उलट एखादे डॉक्टर तीन दिवस फक्त पॅरासिटामॉल आणि वाफ सांगतात, आणि तेच रुग्ण आमच्याकडे येऊन कुरकुर करतात की डॉक्टरांनी काही दिलेच नाही. अनघाताई, ही कुरकुर जेथून ऐकू येईल तो दवाखाना जरूर पाहून या.

ज्या अँटिबायोटिकांवर शेड्यूल एच-१ असे छापलेले असते, त्यांची विक्री आम्हाला २०१४ पासून वेगळ्या वहीत लिहावी लागते, रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावासह. त्या वहीची पाने उलटली तर परिसराचा अर्धा वैद्यकीय इतिहास कळतो. पण ती वही आम्ही कोणाला दाखवत नाही आणि दाखवूही नये.

तुम्ही इतके करू शकता की दवाखान्याला लागून नसलेल्या दोन-तीन मेडिकलमध्ये जाऊन, 'कोणते डॉक्टर चांगले' असे न विचारता, 'कोणाची चिठ्ठी स्वच्छ आणि छोटी असते' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला दुकानदार ज्यांच्याकडून गिऱ्हाईक येते त्यांचेच नाव सांगेल. दुसरा प्रश्न ऐकून तो क्षणभर थांबेल, आणि मग बहुधा खरे सांगेल.

पुड्यांबद्दलही सांगावेसे वाटते. आपल्या रुग्णाला दवाखान्यातूनच औषध देण्याची मुभा डॉक्टरांना आहे आणि जुन्या वस्त्यांत ती पद्धत अजून आहे, परंतु कागदाच्या पुडीत पांढऱ्या, पिवळ्या आणि गुलाबी गोळ्या देऊन नावे न लिहिणारे डॉक्टर सासूबाईंसाठी निवडू नका. रात्री अपरात्री इस्पितळात न्यावे लागले, तर तेथे पुडीचा रंग सांगून भागत नाही.


भंडारकर_मनीषनगर | १० जून, रात्री ९.५५

आम्ही मूळचे भंडारा जिल्ह्यातील. मुलगी सात वर्षांची असताना तिचे हातपाय वारंवार दुखत आणि ताप येई. नागपुरात आल्यावर दोन ठिकाणी तिला 'वाढीचे दुखणे' म्हणून कॅल्शियम देण्यात आले. तिसऱ्या डॉक्टरांनी आम्ही मूळचे कोठले, घरात कोणाला रक्ताचा आजार आहे का आणि कोणाला लहानपणी वारंवार रक्त द्यावे लागले होते का, हे तीन प्रश्न आधी विचारले आणि सिकलसेलची साधी चाचणी करायला सांगितली. ती पॉझिटिव्ह आल्यावर इलेक्ट्रोफोरेसिस करून निदान पक्के झाले. आज मुलगी औषधांवर आहे आणि नियमित शाळेत जाते.

पूर्व विदर्भात राहून ज्या डॉक्टरांच्या मनात सिकलसेल येत नाही, ते डॉक्टर पदवीने कितीही मोठे असले तरी या भागाचे नाहीत, असे माझे मत झाले आहे. पावसाळ्यातील तापाचेही तेच. २०१८ साली नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण आढळले होते. शेतात किंवा गवतात जाऊन आलात का, हे विचारून काखेत आणि जांघेत काळी खपली शोधणारे डॉक्टर त्या वर्षी उपयोगाला आले, कारण तो ताप नेहमीच्या टायफॉइडच्या अँटिबायोटिकने उतरत नाही, त्याला डॉक्सिसायक्लिनसारखे औषध लागते.


निवृत्त_जीपी | ११ जून, सकाळी ९.३०

भंडारकर यांनी जे लिहिले ते माझ्या लेखनातून सुटले होते, आणि ते कदाचित सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यात डेंग्यूची भर घालतो. जुलैनंतरच्या तापात अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन टोचणारे डॉक्टर आणि डेंग्यूची शंका दूर होईपर्यंत पॅरासिटामॉलवरच थांबणारे डॉक्टर, यांत दुसरे निवडावेत. डेंग्यूत प्लेटलेट आधीच खाली जात असतात आणि त्या प्रकारच्या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.


अनघा_बेसा | ११ जून, रात्री १०.२०

सर्वांचे मनापासून आभार. आता एक व्यावहारिक शंका विचारते. आजारी नसताना केवळ पारख करण्यासाठी डॉक्टरांकडे जाणे त्यांना अपमानास्पद वाटणार नाही का? आणि पहिल्या भेटीत नेमके काय पाहावे?


निवृत्त_जीपी | १२ जून, सकाळी ८.१५

फी देऊन नंबर लावला आणि 'आम्ही या भागात नवीन आहोत, घरातील सर्वांसाठी एक डॉक्टर हवे आहेत, सासूबाईंच्या औषधांचा आढावा घ्यायचा आहे' असे सांगितले, तर कोणत्याही समजूतदार डॉक्टरांना बरेच वाटेल. मला अशी माणसे फार आवडत. फक्त सोमवारी सकाळी किंवा तापाची साथ जोरात असताना जाऊ नका.

घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, अगदी दुकानातून स्वतः आणलेली सांधेदुखीची गोळी आणि आयुर्वेदिक चूर्णेसुद्धा, एका पिशवीत घालून न्या आणि ती टेबलावर ठेवा. जे डॉक्टर पिशवी बाजूला सारून थेट चिठ्ठी लिहू लागतात त्यांच्याबद्दल तुम्हाला तेव्हाच कळेल. मधुमेही रुग्णाचे जोडे उतरवून तळपाय पाहिले जातात का, याकडेही लक्ष द्या. रक्तदाब दोन मिनिटे बसू दिल्यानंतर मोजतात की धापा टाकत आत आल्याबरोबर पट्टा बांधतात, हेही पाहा. नंतर एकच प्रश्न विचारा: 'यातले काही आपल्या आवाक्याबाहेर गेले तर आपण आम्हाला कोठे पाठवाल?' उत्तरात एकच इस्पितळ आणि एकच लॅब पुन्हा पुन्हा येत असेल तर सावध व्हावे. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणे त्याच २००२ च्या नियमांनी निषिद्ध आहे, पण कट प्रॅक्टिस हा शब्द आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे, यावरून काय ते समजा. 'ते आजारावर अवलंबून आहे, आणि तुमच्या खिशावरही; शासकीय मेडिकल कॉलेजमध्येही चांगले विभाग आहेत' असे उत्तर आले, तर दुसऱ्या भेटीला जरूर जावे.

माझ्या काळातील एका कमतरतेचीही कबुली देतो. आम्ही जुने जीपी सर्व काही डोक्यात ठेवत असू आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. तो अभिमान चुकीचा होता, हे तुमच्या पहिल्या परिच्छेदावरून दिसतेच. नियमानुसार नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. तुमच्या डॉक्टरांचा पुण्याचा फोन क्रमांक असेल तर आजच फोन करा आणि त्यांना आठवते ते सर्व लिहून मागा.


वर्धारोडचा_वाटसरू | १२ जून, दुपारी १.४०

डॉक्टरसाहेब, चक्कर येणाऱ्या गृहस्थांची गोष्ट मी रात्री पुन्हा वाचली. माझ्या आईच्याही चार फाइली आहेत, त्यामुळे तो मुद्दा मान्य करतो. पण रात्री दोन वाजता छातीत दुखले तर तुमचे फॅमिली डॉक्टर काय करणार? आजकाल कोणीही रात्री दार उघडत नाही.


निवृत्त_जीपी | १२ जून, दुपारी ४.०५

रात्री दोन वाजता छातीत दुखले तर फॅमिली डॉक्टरांना उठवण्यात वेळ घालवूच नये. १०८ ला फोन करावा किंवा हृदयविकाराची चोवीस तास सोय असलेल्या जवळच्या इस्पितळात थेट जावे. कोणते इस्पितळ, हे मात्र फॅमिली डॉक्टरांना दिवसाउजेडी विचारून, लिहून दारामागे चिकटवून ठेवावे. मी स्वतः तरुणपणी रात्री दार उघडत असे आणि साठीनंतर उघडत नसे. त्यामुळे जे डॉक्टर पहिल्याच भेटीत 'मी रात्री उपलब्ध नसतो' असे स्पष्ट सांगतात, त्यांना मी कमी गुण देणार नाही.


अनघा_बेसा | ३ ऑगस्ट, रात्री ९.००

दोन महिन्यांनी लिहीत आहे. उशिराचे कारण असे की मी खरोखरच तीन ठिकाणी गेले.

आधी औषधवाला यांच्या सल्ल्याप्रमाणे तीन मेडिकलमध्ये चौकशी केली. पहिला दुकानदार हसला आणि त्याने विषय बदलला. उरलेल्या दोघांनी एकमेकांना न विचारता एकच नाव सांगितले, आणि एकाने वर असेही सांगितले की, 'त्या मॅडमकडे गर्दी कमी असते, कारण त्या इंजेक्शन देत नाहीत.' तिन्ही डॉक्टरांचे नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासले. तिघेही नोंदणीकृत निघाले.

पहिले डॉक्टर एमडी मेडिसिन आहेत. दवाखाना सुंदर आहे, बोलणे नेमके आहे, सासूबाईंच्या अहवालांवरून नजर फिरवून त्यांनी एक गोळी बदलली आणि ती का बदलली हेही सांगितले. परंतु पाचव्या मिनिटाला पुढचा रुग्ण आत आला होता, आणि मुलाच्या धापेबद्दल विचारताच त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की लहान मुले ते पाहत नाहीत. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सासूबाईंना वर्षातून एकदा त्यांना दाखवावे, असे ठरवले आहे.

दुसऱ्या ठिकाणी बाहेर चाळीस माणसे होती आणि बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या दंडावर कापसाचा बोळा होता. माझा नंबर येण्यापूर्वीच मी उठून आले, हे मान्य करते. पारख अपुरी राहिली असेल, पण तो कापूस पाहून धीर झाला नाही.

तिसऱ्या त्या मॅडम. एमबीबीएस, वय पन्नाशीच्या आसपास. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुरुवारी सायंकाळी आणि रविवारी बंद, रात्री फोन उचलणार नाही असे सुरुवातीलाच सांगितलेले, फी तीनशे रुपये भिंतीवर लिहिलेली. सासूबाईंना वर चढायला दहा मिनिटे लागली आणि त्या मनातून माझ्यावर रागावल्या होत्या. मॅडमनी त्यांना आधी पंख्याखाली बसवले, पाणी दिले, एका मुलाला तपासून घेतले आणि मगच रक्तदाब मोजला. पिशवीतील गोळ्या टेबलावर ओतून त्यांनी तीन ढीग केले. एक ढीग चालू ठेवायच्या गोळ्यांचा. दुसरा दुकानातून आणलेल्या सांधेदुखीच्या गोळ्यांचा. त्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात, म्हणून त्यांनी त्या बंद केल्या. तिसऱ्या ढिगात एकच औषध दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावांनी निघाले, आणि सासूबाई ती दोन्ही घेत होत्या! नंतर त्यांनी जोडे काढायला सांगितले, तळपायांवर ट्यूनिंग फोर्क ठेवून 'थरथर जाणवते का' असे विचारले आणि मेटफॉर्मिन इतकी वर्षे चालू असल्यामुळे बी-१२ तपासायला सांगितले. ते बरेच कमी निघाले. पायांना मुंग्या येतात हे सासूबाईंनी आम्हाला कधी सांगितलेच नव्हते. वयामुळे येत असतील, असे त्यांनी गृहीत धरले होते.

कोठे पाठवाल, हा प्रश्नही मी विचारला. त्या म्हणाल्या, 'डोळ्याच्या पडद्याची तपासणी तर लगेच करून घ्या, कुठेही करा, फक्त अहवाल मला आणून दाखवा.' कोणाचे कार्ड त्यांनी दिले नाही.

जिन्याचा प्रश्न उरला होता. निघताना त्या सासूबाईंना म्हणाल्या, 'आजी, ज्या दिवशी गुडघे ऐकणार नाहीत, त्या दिवशी खाली गाडीतच बसा आणि मला निरोप पाठवा, मी खाली येते.' मागच्या मंगळवारी त्या खरोखरच रक्तदाबाचे यंत्र घेऊन खाली आल्या.


सुमन_रेशीमबाग | ३ ऑगस्ट, रात्री ९.४५

अनघा, सासूबाईंचा राग गेला का?


अनघा_बेसा | ३ ऑगस्ट, रात्री १०.१०

सुमनताई, अर्धा गेला. 'महालातले डॉक्टर नाडी पाहायचे, या पाहत नाहीत', एवढी तक्रार अजून आहे.

निवृत्त डॉक्टरसाहेबांना एक सांगायचे राहिले. पुण्याला फोन केला. आमच्या जुन्या डॉक्टरांनी इकडच्या कोणा नव्या डॉक्टरांचे नाव सुचवायला नकार दिला, कारण बेसा भागात ते कोणालाच ओळखत नाहीत आणि न ओळखता नाव कसे देऊ, असे ते म्हणाले. मात्र आठ दिवसांनी त्यांचे हाताने लिहिलेले दोन कागद टपालाने आले. सासूबाईंच्या मधुमेहाचे निदान झाल्याचे वर्ष, माझ्या गोळीचे बदललेले प्रमाण, आणि मुलाला तीन वर्षांचा असताना सल्फाच्या औषधाने अंगभर पुरळ उठले होते ही नोंद, सर्व त्यात होते. आम्ही इतकी वर्षे ते पेनिसिलिन समजत होतो आणि प्रत्येक ठिकाणी तसेच सांगत होतो. मॅडमनी ते कागद दोनदा वाचले आणि नव्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने 'सल्फा नको' असे लिहिले.